बारदान वजा जाता

बेलापूर,
ता. १२ नोव्हेंबर १९४६

कडूआत्यास दीनाचा सलाम.

तुझा डबा पोचला. पुस्तकं विकणारा सहादेव काल दुपारी मोटारीतून उतरला तो डबा काखेत मारूनच. झाकण उघडलं तर डिंकाचे लाडू, काठोकाठ. वास घेतला आणि झाकण पुन्हा लावलं. आत्या, मी एकसुद्धा खाल्ला नाही. शांतवन भाऊजींची पोरं तुटून पडली, मरिया जाऊबाईंनी चार पदराखाली नेले आणि दिवस मावळायच्या आत डबा रिकामा झाला.

कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तू मला बोलता येण्याच्या आधीपासून शिकवलंयस. म्हणून सहादेवाबरोबर भरूनच पाठवते आहे. आत मुळे आहेत, पाल्यासकट, कालव्याकाठच्या मळ्यातले. सध्या मी हेच खाते. सकाळी एक भाकरी, मुळा नाहीतर मेथी आणि ताक. संध्याकाळी अर्धी भाकरी. भात बंद, गूळ बंद, चहा बिनसाखरेचा. रेशनची साखर वाचते म्हणून जाऊबाई तेवढ्यापुरत्या खूश आहेत. रोज उजाडलं की कालव्याच्या कडेकडेनं दुसऱ्या पुलापर्यंत भराभरा जाते आणि परत येते. मळ्यातले लोक विचारतात, बाई, काय हरवलंय? मी म्हणते, हरवलं नाही, हरवायला निघालेय.

मला वजन उतरवायचंय. कशासाठी, ते आत्ताच विचारू नकोस. तीन जानेवारीपर्यंत उतरवायचंय, आणि मधे नाताळ येतो आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. येऊ दे. मिशनच्या कंपाउंडातल्या चौदा घरांचा फराळ दरवर्षीसारखा मीच तळणार, पण तोंडात घालणार नाही. तेव्हा आत्या, नाताळात डबा पाठवू नकोस. पाया पडते.

तुझी,
दीना


कर्जत,
ता. १८ नोव्हेंबर

दीनास आत्या कडूबाईचा सलाम.

मुळं मिळालं. शेजारच्या म्हशीला घातलं.

अगं भवाने, नाताळाच्या तोंडावर डब्यात मुळं घालून पाठवतीस? शास्त्रवाचनाला आलेल्या चार बाया समोर बसल्या हुत्या. म्या कौतिकानं म्हनलं, बघा, माज्या भाचीनं काय पाठवलंय. झाकन उगडलं तर पाला. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. आता पंधरा दिस त्येंला इषय झाला.

तुजी आई गेली तवा तू सा म्हयन्यांची हुतीस. शेळीच्या दुदाचा बोळा तोंडात पिळून म्या तुला जगवली. फुडं तुजा नवरा शलमोन लढाईत कामी आला, तवा तू ताटाकडं बघत न्हवतीस, दंडाच्या काड्या झाल्त्या. डबं धाडून धाडून तुला मानसात आनली. तुज्या अंगावरचा शेर न शेर माज्या हातचा हाय. त्यो उतरवायचा तर मला इचारून उतरवायचा.

आनि आता खरं काय त्ये सांगते. हितं विल्सन मास्तर हायेत. बायकू जाऊन वरीस झालं. चार लेकरं हायेत, पर मानूस सरळ, तंबाकूसुदीक खात न्हाई. मागल्या सालच्या सभेत त्येंनी तुला बघितली. म्हनले, बाई अंगानं भरलेली हाय, सैपाकाला हात चांगला हाय, माजं घर सावरंल. नाताळानंतर तुला बघायला येनार हायेत. म्या हो म्हनलंय. तवर वाळू नगंस. दिराच्या घरी चूल फुकत किती दिस काढशील? आपलं सोताचं घर हुईल.

आत्या


बेलापूर,
ता. २४ नोव्हेंबर

आत्यास सलाम.

म्हशीला मुळे मानवले असतील अशी आशा आहे.

तुझ्या विल्सन मास्तरांना सांग, मी काय नाताळचा बोकड आहे, पोसून दाखवायला? अंगानं भरलेली म्हणे! चार पोरांचं करायला, पाणी ओढायला, दळायला बाई दमदार पाहिजे, असं सरळ का म्हणत नाहीत? आणि तू हो म्हणालीस? मला न विचारता? माझ्या अंगावर तुझा हक्क एक वेळ मी मान्य करीन, आत्या, पण माझ्या हो-नाहीवर नाही.

आता झाकून ठेवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगते. मला नगरला सुईणीचं शिक्षण घ्यायचंय. दवाखान्यात, दोन वर्षांचं. राहायला खोली, जेवण, आणि पास झाल्यावर खेड्यापाड्यांतून बाळंतपणं करायची नोकरी. ऑक्टोबरात मी भाऊजींना बाजार म्हणून सांगितलं आणि नगरला जाऊन नाव देऊन आले. डॉक्टरीण मडमसाहेबांनी मला लिहायला लावलं, वाचायला लावलं, गणित घातलं. सगळ्यांत पास. मग काट्यावर उभं केलं. एकशे बाहत्तर पौंड. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आमच्या सुइणीला रोज सात-आठ मैल पायी जावं लागतं. मागच्या वर्षी अशाच दोन जाडजूड बाया घेतल्या आणि दोघी गुडघे धरून घरी गेल्या. आता नियम केलाय. दीडशेच्या वर असेल त्या बाईला घ्यायचं नाही. तीन जानेवारीला ये, काट्यावर उभी राहा. दीडशेच्या आत असलीस तर तुझी जागा, नाहीतर दुसरीची.

मी म्हटलं, येते.

इथं वजन करायला काटा कुठला? गुळाच्या अडतीवर पुंजाराम हमाल आहे, त्याच्या पोरीला मी पूर्वी मिशनच्या शाळेत शिकवलंय. दर शनिवारी दुपारी अडत सामसूम झाली की तो मला गुळाच्या पारड्यात बसवतो. पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, ढेपेचं बारदान, गोनपाट, वजा करतो आमी, तुमचं लुगडं कसं वजा करू?" मी म्हटलं, बारदानासकट सांग. दीडशे पौंड म्हणजे एक मण तेहेतीस शेर. तिथं पोचायचंय.

सुईणच का, हे तू विचारशील. माझी पोरगी तुझ्या घरी जन्मली आणि आठव्या दिवशी आखडून आखडून गेली. कशानं गेली ते मला जुलैत इथं कंपाउंडात आलेल्या नगरच्या नर्सबाईंनी सांगितलं. पत्रात लिहीत नाही. पण माझा निश्चय तिथलाच आहे, आणि तो लाडवानं हलायचा नाही.

दीना


कर्जत,
ता. १ डिसेंबर

दीनास सलाम.

सहादेव आल्ता. म्हनला, बेलापुरात समदी बोलत्यात की दीनानं उपास धरलाय. मंडळीच्या देवळात पंच इचारत हुते, सोमवार हाय का एकादस? तीन पिढ्या झाल्या आपल्याला येशूच्या पदरात पडून, आनि तू उपासाचं नाव काढतीस? तुजा बाप वर तोंड लपवत असंल.

सुईन व्हायचंय म्हनं. मानसांच्या रगतात हात घालायचं, रातीबेराती कुनाच्या बी दारात जायाचं. त्यापरीस विल्सन मास्तराचा उंबरा वंगाळ हाय व्हय?

तुला ठावं न्हाई भूक म्हंजी काय. म्या सात वर्सांची हुते, मोठ्या दुस्काळात. घरात दाना न्हवता. आईनं माज्या हातात गाडगं दिलं, म्हनली, मावशीकडं जा, काय बी घालंल. म्या दोन कोस चालत गेले. मावशीनं गाडगं हातात घेतलं, आत बघितलं, आनि तसंच परत दिलं. तिच्याकडं बी न्हवतं. रिकामं गाडगं घिऊन म्या घरी आले. आईनं गाडगं पालथं घातलं. चार दिसांनी ती गेली. मिशनच्या बायांनी मला उचलून नेलं. तवापासनं या हातांनी कुनाचा डबा रिकामा धाडला न्हाई, आनि माज्या पोटच्या पोरीवानी वाढवलेल्या पोरीनं भरलं ताट ढकलल्यालं मला बघवत न्हाई. पोट भरलेलं असनं हीच देवाची खूण हाय माज्या लेखी.

त्या लेकराचं देवाच्या मर्जीनं झालं. त्ये उकरू नगंस. उकरून काय येत न्हाई.

नाताळाच्या करंज्या मी पाठवनारच. खा न्हाईतर कालव्यात टाक.

आत्या


बेलापूर,
ता. १५ डिसेंबर

आत्यास सलाम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. गाडग्याचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. एवढी वर्षं मी त्या डब्याला नुसती तुझी खोड समजत होते. चुकलंच माझं. पण आत्या, तुझ्या आईजवळ दाणा नव्हता म्हणून ती उपाशी राहिली. माझ्यासमोर पराती भरलेल्या आहेत आणि मी मनानं नको म्हणते आहे. दोन्हींत काही फरक आहे की नाही?

पंचांना मी रविवारी देवळाबाहेर गाठलं. म्हटलं, सोमवारी भाकरी खाते, मंगळवारी खाते, एकादशीलाही खाते, फक्त थोडी खाते. जास्त खाणाऱ्यांना तुम्ही कधी देवळाबाहेर उभं केलंत का? आसाराम पंचांनी पोटावरून हात फिरवला आणि निघून गेले.

आता खरी गंमत ऐक. गंमत कसली, माझ्या जिवावर आली. काल पारड्यात बसले. पुंजारामनं वजनं टाकली, काढली, पुन्हा टाकली. एक मण तेहेतीस शेर. बरोब्बर! म्हणजे दीडशे पौंड, नाताळाच्या अकरा दिवस आधी. मी पारड्यातून उडीच मारली. म्हटलं पुंजाराम, झालं रे! आता नाताळात आत्याच्या दोन करंज्या खाणार, ऐटीत खाणार. तो खाली बघून टोपी चाचपत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमच्यासंगं खोटं बोलवत न्हाई. ह्यो खरेदीचा काटा हाय."

मला काही कळेना. त्यानं वजनाचं पारडं उलटं करून दाखवलं. खाली शिसं चिकटवलेलं, चांगलं दोन शेरांचं. अडतीचा शेठ शेतकऱ्याचा गूळ घेतो तो या काट्यावर, तिथं तो दोन शेरांनी कमी भरतो. विकायचा काटा आत निराळा, त्याला वेगळी करामत. अख्ख्या बेलापूरला हे ठाऊक आहे म्हणे. मला मेलीला कोण सांगणार? मी कधी गूळ विकायला गेले होते?

म्हणजे मी एक मण पस्तीस शेर आहे. चार पौंड अजून जास्त. आणि समोर नाताळ.

घरी येऊन अर्धा तास चुलीपुढं बसून रडले. जाऊबाईंना वाटलं धुरानं. मग उठले, तोंड धुतलं आणि पुन्हा दुसऱ्या पुलापर्यंत जाऊन आले. त्या दिवसातली दुसरी फेरी. शेठच्या शिशानं मी हटणार नाही, आत्या, आणि तुझ्या करंज्यांनीही नाही.

जाऊबाईंनाही आता नगरचं कळलंय. त्यांनी भाऊजींना सांगितलं, "ती गेली तर नाताळचा फराळ पुढच्या वर्षी कोण करणार?" मी जाणार याचं दुःख काय, तर फराळ! तेव्हापासून माझ्या ताटात न मागता तुपाची धार पडते. मी ती भाकरी उचलून त्यांच्याच ताटात ठेवते.

दीना


कर्जत,
ता. २० डिसेंबर

दीनास सलाम.

घाईत लिवते. विल्सन मास्तर सव्वीस तारखंला बेलापुरात येत्यात. डबा त्येंच्या हाती धाडीन. पन्नास करंज्या करनार हाय, वल्या नारळाच्या. नारळ नगरवरनं आनवला. मास्तरांम्होरं नीट वाग. डोक्यावर पदर घे. खा, त्येंच्या देखत खा, म्हंजी त्येंला वाटंल की तू आजारी न्हाईस.

शिसं लावनारा त्यो शेठ नरकात जाईल. पर पुंजाराम भला मानूस दिसतुया.

आत्या


बेलापूर,
ता. २७ डिसेंबर

आत्यास नाताळचा सलाम.

सगळं सांगते, काही लपवत नाही.

फराळ केला. तीन दिवस तळत होते. तोंडात लवंग धरली होती, एक झाली की दुसरी. तुला म्हणून सांगते, अनारसा तुपात फुलताना त्याला जाळी पडते ना, तेव्हा जीव नुसता कासावीस झाला. एकदा तर करंजी हातात धरली, फुंकली, ओठापर्यंत नेली. कुणी बघत नव्हतं. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "दीना, ठेव खाली." जाऊबाईंची धाकटी पोर दारात होती, ती घाबरून पळाली.

पण चाखायचंच नाही म्हटल्यावर व्हायचं ते झालं. यंदा अख्ख्या कंपाउंडच्या चकल्यांत मीठ नाही. पंधरा शेरांच्या चकल्या, आत्या! पंचवीस तारखेला उपासना झाली, देवळाच्या पटांगणात पंगत बसली, आणि एकेकानं चकली तोंडात घातली. सगळ्यांनी गिळली, नाताळचा दिवस ना. आसाराम पंचांनी तेवढं मीठ मागून घेतलं. पंगतीत मी सगळ्यांबरोबर बसले. मटणाच्या दोन फोडी, अर्धी पोळी आणि कांदा. वाढणाऱ्या बायका डोक्याशी येऊन उभ्या राहत, "नाताळाला नाही म्हणू नये गं, आज एक दिवसानं काय होतंय?" मी ताटावर हात आडवा धरला. बारा जणींनी म्हटलं, आज एक दिवस. त्या बारा जणींचं ऐकलं असतं तर नाताळातच माझे बारा दिवस भरले असते.

विल्सन मास्तर काल आले. माणूस खरंच बरा आहे, तू खोटं बोलली नाहीस. मला बघून दचकले. म्हणाले, "आपण आजारी होता का?" मी म्हटलं, नाही, आता बरी होते आहे. पदर घेतला होता, तुझं ऐकलं. मग त्यांच्यापुढं चकल्यांची ताटली ठेवली. त्यांनी एक खाल्ली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "घरात चार लेकरं आहेत, त्यांना चवीचं लागतं." मी म्हटलं, मग मास्तर, चाखून करणारी बाई बघा. मला पुढच्या शुक्रवारी नगरला काट्यावर उभं राहायचंय. त्यांना सगळं सांगितलं. त्यांची बायको चौथ्या बाळंतपणात गेली, हे तू मला सांगितलं नव्हतंस. ते सांगताना त्यांनी चष्मा काढून पुसला. उठताना म्हणाले, "बाई, नगरला जा." माझ्या बाजूनं बोललेला हा पहिला माणूस, आणि तो तूच पाठवलास.

करंज्या मी खाल्ल्या नाहीत. खरं सांगते, उघडून मोजल्यादेखील नाहीत. मास्तरांच्या देखत पोरांना वाटून टाकल्या.

आता मला लिहायलाच हवं. नर्सबाईंनी सांगितलं ते असं. बाळाची नाळ मळक्या हत्यारानं कापली तर धनुर्वात होतो आणि बाळ आठव्या दिवशी आखडून जातं. उकळलेली कात्री असती तर माझी पोरगी आज चार वर्षांची असती. एवढंच. देवाची मर्जी कसली? कात्री नव्हती. आपल्या वाड्या-वस्त्यांवर कुणाकडंच नव्हती, आणि अजून नाही. मी ती घेऊन जाणार आहे.

मास्तर आज कर्जतला निघताहेत, डबा त्यांच्याबरोबर परत पाठवते. रिकामा नाही. माझ्या चोळीच्या दोन्ही कुशी मी आत घेतल्या, त्यातून निघालेलं कापड आत आहे, दोन्हीकडचं चार-चार बोटं. तुझं तू मोजून घे. तुझ्या हातचं होतं ना?

दीना


कर्जत,
ता. ३० डिसेंबर

दीनास आत्याचा सलाम.

मास्तरांनी डबा दिला. कापड बघितलं. दिवा लावून तुजं पत्र वाचलं, मग दिवा इजवून बसले.

तू इचारलं न्हाईस, पर म्या सांगते. दाई आली न्हाई येळंवर. तू शुद्धीत न्हवतीस. नाळ म्या कापली. इळ्यानं. सकाळी त्याच इळ्यानं शेळीला पाला कापला हुता. पदराला पुसला आनि कापली. मला कुनी सांगितलं न्हवतं गं. पोरगी आखडाया लागली तवा म्या रातंदिस गुडघ्यावर हुते, देवाला म्हनत हुते की माजं काय चुकलं. चुकलं त्ये माज्या हातात हुतं आनि मला दिसत न्हवतं.

लोकांला सांगते, शलमोन गेला म्हनून डबं धाडते. शलमोन जायच्या आदीपासनं धाडतीया, तुला ठावं हाय. त्या आठव्या दिसापासनं. इळ्याचं ठावं न्हवतं तरी काळजात कायतरी हुतंच. तुजं पोट भरलेलं बघितलं की मला वाटायचं, येवडं तरी फेडलं.

विल्सन मास्तर म्हनले, "कडूबाई, तिला आडवू नका. माझ्या बायकोला अशी बाई मिळाली असती तर." मला तोंड वर करवंना.

सहादेव उद्या नगरला चाललाय. त्याच्यासंगं डबा धाडते, शुक्रवारी दवाखान्यात तुज्या हातात दील. झाकन उगडून बघ. आत काय बी न्हाई. दोनदा पुसून कोरडा केलाय. साखरंचा दाना बी न्हाई. सात वर्सांची हुते तवापासनं आजवर या हातांनी रिकामं भांडं कुनाकडं धाडलं न्हाई. झाकन लावलं, काढलं, परत लावलं. तरी धाडते.

जा. काट्यावर हुबी ऱ्हा. हटू नगंस.

आत्या


नगर,
ता. ४ जानेवारी १९४७

माझ्या आत्यास दीनाचा सलाम.

सहादेव दवाखान्याच्या फाटकाशी डबा घेऊन उभा होता. मी तिथंच झाकण उघडलं. आत बघितलं. मग तिथंच उकिडवी बसले आणि डबा पोटाशी धरून रडले. सहादेव बिचारा घाबरला, म्हणाला, "मी वाटेत काही खाल्लं नाही हो, असाच दिला होता."

मग आत गेले. आम्ही पाच जणी होतो. माझी पाळी आली. मडमसाहेबांनी काटा सरकवला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "एकशे एक्कावन्न. फार वाईट वाटतं." आणि वहीत लिहायला लागल्या.

एक पौंड, आत्या! अडीच महिने मुळे खाऊन, बिनमिठाच्या चकल्या सगळ्या गावाला चारून, तुझे लाडू लोकांच्या पोरांना वाटून, एका पौंडासाठी मी घरी जाऊ? माझ्या डोळ्यांपुढं पुंजाराम आला. मी काट्यावरून उतरले नाही. म्हटलं, "मडमसाहेब, लिहू नका. बारदान वजा करा."

त्यांना कळेना. नर्सबाई पुढं झाल्या, त्यांनाही समजावता येईना. मग मीच सांगितलं. गुळाची ढेप तोलतात तेव्हा तिच्यावरचं गोणपाट निराळं तोलून वजा करतात. गूळ घ्यायचाय की गोणपाट? तुमचा दीडशेचा आकडा विलायतेतल्या पुस्तकातला असणार, तिथल्या बाया झग्यात. माझ्या अंगावर नऊ वार लुगडं आहे. मला घ्यायचं की लुगड्याला? आधी लुगडं तोला, मग मला नाही म्हणा.

बाकीच्या चौघी खाली माना घालून उभ्या. एक म्हणाली, दीनाबाई, उतरा, उगीच राग येईल. मी उतरले नाही. मडमसाहेब खुर्ची मागं सारून हसल्या. पडद्यामागं पाठवून मला दवाखान्याचा पातळ डगला दिला. लुगडं-चोळीची घडी छोट्या काट्यावर गेली. पावणेतीन पौंड! डगल्यासकट मी उभी राहिले ती एकशे एकोणपन्नासच्याही आत. मडमसाहेबांनी पहिलं लिहिलेलं खोडलं. म्हणाल्या, "आजपासून सगळ्यांचंच कापड वजा करायचं." माझ्या मागं उभी असलेली बेलवंडीची केशरबाई त्यानंच आत आली, तीही पाऊण पौंडानं अडली होती.

जागा मिळाली. शिकवणं सोमवारपासून सुरू, सामान आजच हातात दिलं.

आता तुझं. आत्या, मला ठाऊक होतं. नर्सबाईंनी सांगितलं त्याच दिवशी कळलं. तुझ्या घरात विळा एकच होता, आणि माझ्या उशाशी तू एकटीच. सहा महिने मी ते पोटात ठेवलं. रागही आला, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या हातात कात्री कुणी दिलीच नव्हती, आणि उकळायला कुणी शिकवलंच नव्हतं. सात वर्षांच्या पोरीला रिकामं गाडगं मिळालं, त्यात तिचा काय दोष? तसंच हे. तुझं काही फेडायचं राहिलेलं नाही. आणि पुन्हा गुडघ्यावर बसशील तर माझ्यासाठी बस, माझी परीक्षा आहे.

इथं प्रत्येकीला सामानाची यादी दिली आहे. दोन पांढरी लुगडी, साबण, नखं घासायचा ब्रश, टॉवेल. कात्री, दोरा आणि कापूस दवाखान्याचा. ते सगळं रोज उकळून ठेवायचं आणि बाळंतपणाला जाताना काखेत मारून न्यायचं. शेवटची वस्तू जिची तिनं आणायची आहे: घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, एक.

नर्सबाईंनी विचारलं, दीना, तुझ्याकडं डबा आहे का? मी म्हटलं, आहे. कालच आलाय, कोरडा करून पाठवलाय.

तेव्हा डबा परत मिळणार नाही, मागू नकोस. आज सकाळी पहिल्यांदा कात्री उकळून मी त्यात ठेवली.

तुझी,
दीना